बाईंचं बोट, अण्णांचा माऊस

प्रिंटरमध्ये अडकलेला कागद हा माणूस न फाडता बाहेर काढतो, एवढ्या पुण्याईवर मला आमच्या पतसंस्थेच्या संगणक उपसमितीवर घेण्यात आलं. सहकारात पात्रता अशीच ठरते. कर्ज उपसमितीवर बसलेले तिघंही कधी ना कधी कुणाला तरी जामीन राहून पोळलेले आहेत, आणि सहल उपसमितीच्या प्रमुखांना घाटात गाडी लागते.

आमच्यापुढे काम एकच होतं. काळ्या पडद्यावरचं डॉसमधलं जुनं सॉफ्टवेअर काढायचं आणि नवं, रंगीत, माऊसवालं आणायचं. अट मात्र अध्यक्षांनी ठरावातच घालून ठेवली होती : ‘नव्या माणसास शिकवावे लागू नये व जुन्या माणसाचे काम अडू नये.’ ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. ज्याला ते सॉफ्टवेअर करायचं होतं तो पोरगा सभेला नव्हता, म्हणून टाळ्या.

पोरगा पुण्याहून आला. पाठीवर सॅक, लॅपटॉपवर स्टिकरं आणि दर वाक्यात एकदा ‘यूजर’. आमच्याकडे आजवर सभासद होते, ठेवीदार होते, कर्जदार होते, थकबाकीदार तर उदंड होते. यूजर म्हणजे ह्यातले नेमके कोण, ह्यावर चहा गार होईपर्यंत चर्चा झाली.

“सर, आधी मला दोन्ही टोकांचे यूजर बघायचेत,” तो म्हणाला. “एकदम नवीन आणि एकदम एक्स्पर्ट.”

दोन्ही टोकं एकाच खोलीत होती. एक्स्पर्ट म्हणजे आमच्या कॅशियर बाई. कीर्द-खतावणी हातानं लिहायच्या काळापासून त्या त्याच खुर्चीत आहेत, खुर्चीची गादी तेवढी दोनदा बदलली. सभासदानं काउंटरवरून स्लिप सरकवली की बाई त्याच्याकडे बघत विचारतात, “मग, मुलीचं जमलं का?” आणि तो ‘जमलं म्हणजे, बोलणी चालू आहेत’ म्हणेपर्यंत खाली उजवा हात तीन, एंटर, एंटर, खातेनंबर, एंटर, रक्कम, वाय, एंटर एवढं करून मोकळा झालेला असतो. बोलणी फिसकटल्याची बातमी यायच्या आत पावती हातात. पडद्याकडे बघायचं असतं ही गोष्ट बाईंना मान्यच नाही.

पोरानं मोबाईलवर हे चित्रीकरण केलं, परत परत बघितलं आणि विचारलं, “मॅडम, तीननंतर दुसरा एंटर कशासाठी?”

“कुठला दुसरा?”

“दोनदा दाबलात तुम्ही.”

बाईंनी स्वतःच्या बोटाकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. “तो दाबावा लागतो.”

“पण का?”

मग हळूहळू करून दाखवा म्हटल्यावर बाईंना ते येईनाच. समोर सभासद नाही, मुलीचं विचारता येत नाही, त्यामुळे हाताला पुढचं सुचेना. शेवटी मी समोर उभं राहून दीडशे रुपयांची खोटी स्लिप दिली, माझ्या लग्न झालेल्या मुलीची चौकशी झाली, आणि त्या दोन एंटरांच्या मध्ये क्षणभर चमकून जाणारी पाटी पोरानं पकडली. तीवर लिहिलं होतं : ‘आजचा बॅकअप घेतला आहे का? होय / नाही’. ‘होय’वर आधीपासूनच खूण.

खोलीत शांतता पसरली. “म्हणजे इतकी वर्षं आपण मशीनला रोज खोटं सांगत होतो?” अध्यक्ष म्हणाले.

“मी नाही हो सांगितलं,” बाई म्हणाल्या. “बोटानं सांगितलं.”

उपसमितीनं ह्याची इतिवृत्तात नोंद न घेण्याचं ठरवलं.

बाई जगात एकट्या आहेत असं मात्र कुणी समजू नये. ज्यांच्या कादंबऱ्यांवरून ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका निघाली ते जॉर्ज आर. आर. मार्टिन डॉसच्या मशीनवर वर्डस्टार ४.० मध्येच लिहितात, हे त्यांनी स्वतः २०१४ साली टीव्हीवर सांगितलं. हे मी बाईंना कौतुकानं सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, “बॅकअप घेतात का ते?” आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? गावातल्या कुठल्याही करसल्लागाराच्या हापिसात डोकवा. टॅलीवर बसलेली पोरं माऊसला हात लावत नाहीत, त्यावर फार तर डब्याचं झाकण टेकवतात. एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-७ जर्नल, एफ-८ सेल्स, एफ-९ पर्चेस. नवं लागलेलं पोर सुरुवातीला उजवीकडच्या पट्टीवर लिहिलेलं वाचत वाचत दाबतं, आणि दिवाळी यायच्या आत न बघता दाबायला लागतं. आवृत्त्या आल्या नि गेल्या, २०२० मध्ये टॅलीप्राइम असं नावही बदललं, पण ह्या कळांची कामं बदलायची हिंमत कुणी केली नाही. केली असती तर मार्चमध्ये देशभरातल्या करसल्लागारांचा मोर्चा निघाला असता, आणि ती माणसं एरवी मोर्चा काढणारी नव्हेत.

आता दुसरं टोक. नवे यूजर म्हणजे आमचे अध्यक्ष, अण्णा. ‘तेरीज अध्यक्षांनी स्वतः पडद्यावर पाहत जावी’ असा शेरा ऑडिटरनं मारल्यापासून अण्णा संगणकासमोर बसतात. बसण्याआधी टोपी नीट करतात. माऊस टेबलाच्या कडेला पोचला आणि पडद्यावरचा बाण अजून अर्ध्यातच असला, की अण्णा शिपायाला हाक मारून टेबल सरकवून घेतात. माऊस उचलून परत मध्ये ठेवता येतो हे त्यांना सगळ्यांनी सांगून झालंय. “मधेच उचलला तर हिशेब तुटेल,” हे त्यांचं उत्तर.

शिवाय अण्णा प्रत्येक गोष्टीवर दोनदा टिचकी मारतात. बटण असो, चौकट असो, नुसती रिकामी जागा असो. एका खेपेत कुठलं काम होत असतं का, हा त्यांचा तालुका कचेरीतला आयुष्यभराचा अनुभव. त्यामुळे अण्णांनी पावती काढली की दोन निघतात. एक सभासदाला आणि एक अण्णांच्या खिशात, पुरावा म्हणून.

ह्याच अण्णांना मात्र दुपारी पत्त्यांचा डाव लावताना बघावं. लाल अठ्ठी उचलून काळ्या नव्वीवर अशी अलगद टेकवतात की बघत राहावं. विंडोजमध्ये सॉलिटेअर आलं ते १९९० साली, ३.० आवृत्तीबरोबर, आणि पत्ते उचलून ठेवण्याच्या निमित्तानं माणसांना माऊस दाबून ओढायची सवय लागावी हाही त्यात हेतू होता असं सांगतात. अण्णांच्या बाबतीत तो हेतू गरजेपेक्षा जास्त सफल झाला. पोरानं वहीत लिहिलं : ‘यूजर नवीन. पण ड्रॅग उत्तम.’ अण्णांनी ते वाचलं आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

पहिली आवृत्ती आली ती पांढरीशुभ्र. पडद्यावर तीन मोठी चित्रं आणि बाकी सगळीकडे मोकळं रान. “एकदम क्लीन,” पोरगा म्हणाला.

“बाकीचं कुठं गेलं?” बाई.

“त्या कोपऱ्यातल्या तीन रेघांच्या आत आहे सगळं.”

अण्णांनी त्या तीन आडव्या रेघांकडे निरखून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “शंकराचं त्रिपुंड्र! वा, सुरुवात चांगली केलीस.” त्यांनी हात जोडले. दाबायचं मात्र त्यांच्या मनातही आलं नाही, आणि देवाच्या कपाळाला बोट लावायला दुसरं कुणीही पुढे होईना. आतमध्ये खतावणी, तेरीज, पिग्मी, थकबाकी अशी सगळी पतसंस्था कोंडून पडली होती आणि बाहेर आम्ही तीन चित्रं बघत बसलो होतो. ती आवृत्ती गेली.

पुढच्या खेपेला पोरगा खुशीत होता. “सर, प्रॉब्लेमच मिटवला. दोन मोड केलेत.” लॉगिन केलं की पहिला प्रश्न : ‘आपण कोण? नवशिक्या / तज्ज्ञ’. नवशिक्याला मोठी बटणं, प्रत्येक पायरीला सूचना. तज्ज्ञाला सगळं उघडं. ऐकायला इतकं चोख वाटलं की मी लगेच अनुमोदन दिलं.

अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला. “अध्यक्ष आणि नवशिक्या? सभासदांना कळलं तर उद्या ठेवी काढायला रांग लागेल.” तज्ज्ञवर दोनदा टिचकी.

शिपाई म्हणाला, “मशीन रोज सकाळी चालू कोण करतं? मी. बंद कोण करतं? मी.” तज्ज्ञ.

पिग्मी एजंटानं विचारलं, “तज्ज्ञ दाबलं तर कमिशनमध्ये काही फरक?” काही नाही म्हटल्यावर त्यानं काही जाणारही नाही म्हणून तज्ज्ञ दाबलं. मी उपसमितीवर असल्यामुळे माझ्यापुढे पर्याय नव्हताच.

नवशिक्या दाबलं फक्त बाईंनी.

“बाई? तुम्ही?”

“तज्ज्ञ म्हटलं की ऑडिटरचे सगळे प्रश्न माझ्या गळ्यात. नवशिक्या बरं. काही चुकलं तर शिकतेय म्हणता येतं.”

आता सबंध संस्थेत जिला काम येत होतं त्या एकट्या बाईपुढे बिस्किटाएवढाली बटणं आली आणि रक्कम टाकली की ‘आपल्याला खात्री आहे?’, पावती काढली की ‘आपल्याला नक्की खात्री आहे?’. काउंटरवरची रांग जिन्यापर्यंत गेली. इकडे आम्हा तज्ज्ञांपुढे पडदाभर रकाने, याद्या आणि खटके उघडे पडले होते. मी गंभीर चेहरा करून माऊस फिरवत राहिलो, कारण बाहेर कसं पडायचं हे तज्ज्ञानं विचारायचं नसतं. अण्णा तेरीज शोधता शोधता ‘खाते विलीनीकरण’ नावाच्या चौकटीपाशी पोचले आणि खुर्चीतून उठलेच. “कुणात विलीन करतायत आपल्याला? मला न विचारता?” त्या संध्याकाळी तालुक्यातल्या मोठ्या बँकेच्या अध्यक्षांना फोन गेला, तो मी थांबवू शकलो नाही.

पोरगा फार खट्टू झाला. मी त्याला समजावलं की हा खड्डा जुना आहे आणि त्यात मोठमोठी माणसं जाऊन आली आहेत. विंडोज ९५ घडत होतं तेव्हा नवख्यांसाठी वेगळं, सोपं आवरण द्यावं असा विचार आधी त्या मंडळींनीही केला होता. चाचण्या घेतल्या आणि सोडून दिला, कारण सोप्यात शिकलेलं माणसाला पुढे खऱ्यात गेल्यावर विसरावं लागतं. मग सगळ्यांना एकच पडदा दिला आणि कुठून सुरुवात करायची हे कळावं म्हणून कोपऱ्यात ‘स्टार्ट’ असं चक्क लिहूनच टाकलं. त्याच वर्षी त्याच कंपनीनं ‘बॉब’ नावाचं निव्वळ नवख्यांसाठीचं सॉफ्टवेअरही काढलं होतं. त्यात पडद्यावर घराच्या खोल्या, खोलीत टेबल, टेबलावर कागद, आणि वाट दाखवायला कुत्रा. बॉब लवकरच बंद पडला. आपल्याला बाळ समजतंय असं सॉफ्टवेअर बाळालासुद्धा आवडत नाही.

“मग सर, सिस्टिमच शिकेल,” पोरगा म्हणाला. तो थकत नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. “जो यूजर जे जास्त वापरतो ते वर. जे वापरत नाही ते आपोआप आत.”

हे चाललं. खरंच चाललं. बाईंचा जमा-नावेचा पडदा सुटसुटीत झाला, अण्णांची तेरीज सगळ्यात वर आली. सॉलिटेअर तिच्याही वर आलं असतं, पण ते सॉफ्टवेअरच्या बाहेर होतं म्हणून अब्रू वाचली. आम्ही पोराचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा विचार चालवला होता आणि एकतीस मार्च उजाडला.

रात्री सगळे थांबलेले. वडापाव मागवलेला. बाई ‘वार्षिक व्याज आकारणी’ शोधतायत आणि ती नाही. कुठंच नाही. पोराला फोन लावला.

“मॅडम, ते तुम्ही एवढ्यात एकदाही वापरलं नाही ना, म्हणून सिस्टिमला वाटलं की तुम्हाला ते लागत नाही.”

“अरे, वर्षातनं एकदाच लागतं ते!” बाईंचा आवाज खालच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत गेला. “गणपती वर्षातनं एकदाच येतो म्हणून मखर भंगारात देतोस का तू?”

फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ते कुठे दडलंय हे त्यानं सांगितलं. अर्थात तीन रेघांच्या आत. ऑफिस २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनं हेच करून बघितलं होतं. यादी उघडली की नेहमीची मोजकी कामं दिसायची, खाली दुहेरी बाण, त्याच्यावर थांबलं की लपलेली बाहेर यायची. नवख्याला वाटायचं, एवढंच आहे. जुन्याला वाटायचं, काल होतं ते गेलं कुठं. दोघांनाही समसमान छळणारी सोय तशी दुर्मीळच.

मधे एक हसरं नाणंही येऊन गेलं. ते कोपऱ्यातून उगवायचं आणि म्हणायचं, ‘पावती करताय? मी मदत करू?’ ऑफिस ९७ मधली ती डोळे मिचकावणारी पेपरक्लिप ज्यांनी सोसली आहे त्यांना अधिक सांगायला नको. आमचं नाणं बाईंनी दोन दिवसांत बंद पाडलं. कसं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. जाड माहितीपुस्तिकाही आली होती, ती अण्णांच्या मॉनिटरखाली उंचीला बरोबर बसली. कॅरोल आणि रॉसन ह्या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८७ सालीच लिहून ठेवलंय की माणसं पुस्तिका वाचत बसत नाहीत, थेट कामाला भिडतात, आणि एकदा जमलेली वाट सोडून जवळची वाट शिकायला जात नाहीत. दोघं आमच्या पतसंस्थेत येऊन गेल्यासारखं लिहिलंय.

ह्या सगळ्यात माझं काय, असं कुणीच विचारलं नाही. मी ना बाई, ना अण्णा. मला कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही आणि कंट्रोल-झेड येतं, आणि त्या भांडवलावर मी उपसमितीवर आहे. कुणी अडलं की मी मागे जाऊन उभा राहतो, ‘हं’ म्हणतो, आणि ‘एकदा बंद करून चालू करा’ म्हणतो. ॲलन कूपर नावाच्या डिझाइनवाल्या गृहस्थांचं म्हणणं असं की नवखी माणसं फार दिवस नवखी राहत नाहीत आणि पक्की फारशी कुणी होत नाहीत. बहुतेक जण जन्मभर मध्येच असतात. म्हणजे सॉफ्टवेअर बनवायचं ते माझ्यासाठी. मी हे पोराला सांगितलं. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि विषय बदलला.

पण मधल्या काळात तो करसल्लागाराच्या हापिसात जाऊन बसून आला होता. शेवटची आवृत्ती आणली ती जरा तोंड पाडूनच. “सर, थोडं गर्दीचं दिसतं. पोर्टफोलिओत नाही टाकता येणार.” पडदा सगळ्यांना एकच. रोजची कामं बटणं होऊन समोर, वर्षातनं एकदा लागणारीसुद्धा, फक्त जरा खाली. आणि प्रत्येक बटणावर बारीक अक्षरात त्याची कळ लिहिलेली. अण्णांची दुसरी टिचकी मशीन मुकाट्यानं गिळायचं. जुन्या सॉफ्टवेअरचे आकडेही त्यानं आतून चालू ठेवले होते : तीन, एंटर दाबलं की पावती. बॅकअप मशीन आपला आपण घेत होतं, त्यामुळे दुसऱ्या एंटरची गरज उरली नव्हती.

बाईंचं बोट तरीही तो दाबतच होतं. तेव्हा पोरानं काहीही न करणारा एक एंटर खास बाईंसाठी ठेवला. इतक्या महिन्यांत मला त्या पोराचं खरं कौतुक वाटलं ते इथं.

अण्णा सुरुवातीला बटणावर बाण नेऊन टिचक्या मारत होते. बटणावर ‘एफ-४ तेरीज’ असं लिहिलेलं रोज डोळ्यांसमोर होतंच. एके दिवशी माऊस टेबलाच्या कडेला पोचला, शिपाई चहाला गेलेला, टेबल कोण सरकवणार? अण्णांनी इकडे तिकडे बघून एफ-४ दाबलं. तेरीज आली. त्यानंतरचे आठ दिवस संस्थेत येणाऱ्या प्रत्येक माणसाला अण्णांनी आत बोलावून एफ-४ दाबून दाखवलं. वीजबिलवाल्यालाही दाखवलं. हल्ली ते कुणी माऊसला हात लावताना दिसलं की म्हणतात, “अजून माऊसवरच आहात का?”

परवा पुण्याहून ईमेल आला. पोरानं नोकरी बदलली होती, त्याच्या जागी आलेल्या मुलीनं लिहिलं होतं : पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती येत आहे, अधिक सुटसुटीत, अधिक मोकळी. सोबत चित्र होतं. पांढरं.

तातडीची सभा बोलावण्यात आली. २०१२ साली विंडोज ८ मध्ये कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण काढलं, जगभर आरडाओरडा झाला आणि पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते गुपचूप परत आणून बसवावं लागलं, हा दाखला मी सभेला दिला. बाई म्हणाल्या, एवढ्या लांबचं नको, माझं दुखणारं मनगट बघा. सर्वानुमते ठराव झाला :

‘ठराव क्र. ९. संस्थेच्या पडद्यावरील कोणतेही बटण संचालक मंडळाच्या पूर्वपरवानगीवाचून जागचे हलवू नये. हलविल्यास हलविणाऱ्याने ३१ मार्च रोजी रात्री काउंटरवर स्वतः बसावे. वडापावचा खर्च संस्था सोसेल. सूचक : कॅशियर. अनुमोदक : अध्यक्ष (तज्ज्ञ).’

कंसातला शब्द अण्णांनी आग्रहानं घालायला लावला. ठराव मुलीला पाठवला, तिचं उलट टपाली उत्तर आलं : ‘तक्रार नोंदवण्यासाठी कृपया ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातील तीन रेघांवर क्लिक करा.’

अण्णा हात जोडून बसलेत. आता तिथं बोट कुणी लावायचं, ह्यासाठी उपसमिती नेमायचं चाललंय.